जुन्या चिनी चित्रांतल्या स्त्रिया, त्यांचे मुकुट आणि वस्त्रं

रेशीमकाडी

इथल्या रेशमावरच्या चर्चेत दोघातिघांनी विचारलं होतं की जुन्या चिनी चित्रांतल्या राण्या सगळ्या एकसारख्या का दिसतात. तिथे फार अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या मते त्या सारख्या दिसतात कारण आपली नजर सवयीने चेहऱ्यावर जाते. दरबारी चित्रकाराने चेहरा मुद्दाम शांत, समोरून, सावलीशिवाय काढलेला असतो. सांगायचं ते सगळं त्याने डोक्यावर मांडलेलं असतं, मग कानात, गळ्यात आणि शेवटी झग्यावर. वरून खाली बघत आलं की बाई कुठल्या काळातली, कुठल्या पदावरची, हे बरंच उलगडतं.

माझं सगळ्यात आवडतं चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सोंग घराण्याच्या रेनझोंग सम्राटाची पत्नी, सम्राज्ञी त्साओ (१०१६ ते १०७९). रेशमावरचं उभं चित्र, जवळजवळ पावणेदोन मीटर उंचीचं. ती खुर्चीत थोडी तिरकी बसली आहे. अंगात गडद निळा झगा आणि त्यावर लांब शेपटीच्या रानकोंबड्यांच्या जोड्या ओळीने विणलेल्या. गळपट्टी आणि बाह्यांच्या तांबड्या काठांवर मात्र ड्रॅगन. मोठं चित्र मिळालं तर कपाळ आणि गाल नीट बघा, तिथे चक्क मोती चिकटवलेले आहेत. कुंकू-टिकलीच्या जागी मोती, आणि डोळ्यांच्या कडेने गालावर उतरणारी मोत्यांची कोर. डोक्यावर ड्रॅगन आणि फिनिक्सांनी गच्च भरलेला निळसर मुकुट.

तिच्या दोन्ही बाजूंना एकेक दासी उभी आहे. एकीच्या हातात लांब पांढरं वस्त्र, दुसरीच्या हातात पिकदाणी. आणि दोघींच्या टोप्या पाना-फुलांनी पार झाकून गेलेल्या. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकत्र गुंफायच्या त्या काळच्या फॅशनला ‘यी न्येन जिंग’ म्हणत, वर्षभराचा देखावा अशा अर्थाने. लू यू या कवीने आपल्या टिपणांत तिचा उल्लेख केला आहे. नुसतं वर्णन वाचून हे काही डोळ्यांपुढे उभं राहिलं नसतं. या दोन दासींमुळे ते आपल्याला दिसतं. सम्राज्ञीच्या मुकुटाला नियम होते, दासींच्या टोपीत मात्र फॅशन खेळते आहे. चित्रातला माझा सगळ्यात लाडका भाग तोच.

आता मिंग घराण्याचा काळ (१३६८ ते १६४४). इथे चित्राच्या जोडीला खरी वस्तू हातात आहे. बीजिंगजवळ वानली सम्राटाची कबर, दिंगलिंग, १९५६ ते १९५८ या काळात उत्खनन करून उघडली. त्यात सम्राटाच्या दोन पत्नींचे मिळून चार फिनिक्स-मुकुट (चिनीत ‘फंगग्वान’) निघाले. त्यांतल्या मोठ्या राणीचा, श्याओदुआन सम्राज्ञीचा, नऊ ड्रॅगन, नऊ फिनिक्सांचा मुकुट बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वजन २३२० ग्रॅम, मोती ३५०० हून जास्त. आत सांगाडा आहे तो बांबूच्या पट्ट्यांचा, म्हणजे वजन कमीत कमी ठेवूनही एवढं भरलं. वरच्या ओळीत सोन्याच्या तारकामातले ड्रॅगन, त्यांच्या तोंडातून लोंबणाऱ्या मोत्यांच्या लडी. त्याखाली निळे फिनिक्स, पुढे आठ आणि मागे एक. कानांच्या मागून दोन्ही बाजूंना तीन-तीन पंखांसारख्या पट्ट्या निघतात. तैपेईतल्या मिंग सम्राज्ञींच्या चित्रांत असेच मुकुट समोरून दिसतात, पण चित्रकाराला मागचा नववा फिनिक्स दाखवायची सोय नव्हती.

मिंग नियमावलीत सम्राज्ञीच्या मुकुटाला नऊ ड्रॅगन आणि चार फिनिक्स सांगितले आहेत. कबरीतल्या चारपैकी एकाही मुकुटाचा आकडा त्याच्याशी जुळत नाही. म्हणून केवळ नियम वाचून किंवा केवळ चित्र बघून काढलेल्या निष्कर्षांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. नियम, चित्र आणि वस्तू, तिन्ही शेजारी ठेवावी लागतात.

मिंगनंतरच्या छिंग या शेवटच्या घराण्याच्या राण्यांबद्दल (त्या ईशान्येकडच्या मांचू समाजातल्या) खाली कोणी विचारलं तर लिहीन.

पाणवठा

सुंदर धागा. फिनिक्स निळे म्हणता, ते मीनाकाम का? फोटोत रंग इतका ताजा दिसतो की चारशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

रेशीमकाडी

@पाणवठा, मीना नाही, पिसं आहेत. खंड्याची.

या कामाला ‘द्यान-त्स्वे’ म्हणतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर बारीक तारेने कडा उभारतात, म्हणजे छोटी छोटी घरं तयार होतात. पिसाचा निळा भाग घराच्या मापाने कातरून सरसाने आत बसवायचा. सगळे तंतू एका दिशेने गेले पाहिजेत, नाहीतर चमक तुटते. रंग ताजा राहतो कारण तो रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा निळा दिसतो. म्हणून सोबतचं रेशीम विटतं, कुजतं, आणि पिसं मात्र निळीच राहतात. त्यांचा खरा शत्रू कीड.

रानवाटा

मी पक्षीनिरीक्षणातली, कपड्यांतलं काही कळत नाही, पण इथे बोलावंसं वाटलं. वापरल्या गेलेल्या पक्ष्यांत पांढऱ्या गळ्याचा खंड्या आहे. आपल्याकडे विहिरीच्या काठावर, विजेच्या तारेवर बसलेला दिसतो तोच. चिनी बाजाराला तो आग्नेय आशियातूनही पुरवला जायचा. १२९६-९७ मध्ये कंबोडियातल्या अंकोरला राहिलेल्या जोऊ दाग्वान या चिनी माणसाने तो कसा पकडतात ते लिहून ठेवलं आहे. पारधी पाना-फांद्यांनी अंग झाकून तळ्याकाठी बसतो, पिंजऱ्यात मादी आमिष म्हणून ठेवतो, नर आला की जाळं टाकतो.

एका मुकुटाला किती पक्षी लागले असतील या विचाराने मला तो मुकुट सुंदर म्हणवत नाही.

रेशीमकाडी

@रानवाटा, तुमचं म्हणणं योग्यच आहे, आणि ते चीनमध्येही फार पूर्वी कोणीतरी बोलून दाखवलं आहे. सोंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाची मुलगी खंड्याच्या पिसांनी सजवलेलं वस्त्र घालून आली, तेव्हा त्याने तिला परत ते घालू नकोस म्हणून बजावलं. कारणही दिलं: तू घातलंस की राजवाड्यातल्या बाकीच्या घालणार, राजधानीत पिसांचा भाव चढणार आणि लोक नफ्यासाठी पाखरांच्या मागे लागणार. बंदी पुढेही आल्या, पण हौसेपुढे टिकल्या नाहीत.

आता तिथे हा पक्षी संरक्षित आहे. नवीन काम रंगवलेल्या रेशमी फितीवर किंवा बदक-हंसाच्या रंगवलेल्या पिसांवर होतं. पेकिंग ऑपेरातल्या नायिकांच्या शिरोभूषणात खऱ्या पिसांचं काम मानाचं समजलं जायचं. २०१५ साली एका कलावंताने आपल्या अशा शिरोभूषणाचं समाजमाध्यमावर कौतुक केलं तेव्हा तिथे मोठा वाद झाला होता. मला स्वतःला जुनं काम जपावं आणि नवं अजिबात करू नये असं वाटतं.

बकुळ_७

मी नोकरीनिमित्त शांघायला असते. दोन गोष्टी सांगते.

रेशीमकाडी ताईंनी लिहिलेल्या नऊ ड्रॅगनवाल्या मुकुटाचं फ्रिजवर लावायचं चुंबक राष्ट्रीय संग्रहालयाने २०२४ मध्ये काढलं आणि त्यासाठी पहाटेपासून रांगा लागायच्या. दहा लाखांच्या वर खपलं आहे. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मुलींकडे आहे, आणि त्यातल्या कित्येकींना मुकुट कोणाचा ते तोंडपाठ आहे. एका वस्तूमुळे मिंग काळातली एक राणी घराघरांत पोचली, याचा मला आनंद वाटतो.

दुसरी गोष्ट, डोक्यात फुलं. फूच्येन प्रांतात च्वानजोऊजवळ शुनपू नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या बायका अंबाड्याभोवती फुलांचे गोल वळेसर एकावर एक चढवतात आणि मधोमध आडवी काडी खोचतात. आजीबाईसुद्धा. बाजारात मासळी विकताना, कालवं सोलताना डोक्यात हे सगळं असतं. गजऱ्यात वाढलेल्या मला पहिल्यांदा बघून गलबलून आलं होतं. २००८ मध्ये या प्रथेला राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली. अलीकडे पर्यटकांची इतकी झुंबड असते की गल्लीगल्लीत फुलं माळून देणारी दुकानं झाली आहेत. गावातल्या जुन्या घरांच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांच्या आहेत, त्या कोणी बघत नाही.

शाईपेन

फुलांचा विषय निघालाच आहे तर जोऊ फांग या तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) चित्रकाराच्या नावावर असलेल्या ‘केसांत फुलं माळणाऱ्या स्त्रिया’ या चित्राबद्दल कोणी लिहील का? मी कुठेतरी वाचलं की ते तांग काळातलं नाहीच.

रेशीमकाडी

@शाईपेन, ते चित्र शेनयांगला ल्याओनिंग प्रांतिक संग्रहालयात आहे. पाच मानिनी आणि लांब दांड्याचा पंखा धरलेली एक दासी, शिवाय दोन छोटे कुत्रे आणि एक करकोचा. इथे मुकुट नाहीत. उंच, ढगासारखा फुगवलेला केशसंभार आणि त्याच्या माथ्यावर एकच भलंमोठं फूल, कोणाचं पिओनी, कोणाचं कमळ. खऱ्या भुवया काढून कपाळावर उंच, पतंगाच्या पंखासारखे दोन आखूड फराटे. आणि अंगावर इतकं पातळ रेशीम की आतून दंड दिसतो, त्याखालच्या कपड्याची नक्षी दिसते. पारदर्शक कापडाखालची त्वचा रंगवणं किती कठीण असतं हे ज्यांनी रंग हातात धरलाय त्यांनाच कळेल.

कालावरून वाद खराच आहे. एक बाजू आठव्या शतकाच्या अखेरीचं मानते, दुसरी दहाव्या शतकातल्या दक्षिण तांग राज्याचं म्हणते. यात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात शन त्सुंगवन. हा माणूस आधी मोठा कथा-कादंबरीकार. १९४९ नंतर लिखाण थांबलं आणि ते बीजिंगच्या इतिहास संग्रहालयात कामाला लागले. तिथे वर्षानुवर्षं वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या, कापडं तपासली, आणि १९८१ मध्ये चिनी वेशभूषेच्या इतिहासावरचा त्यांचा भलामोठा ग्रंथ हाँगकाँगमध्ये छापून निघाला. त्यांचा आक्षेप शिरोभूषणावरच होता. केसांत सोन्याचे झुलते काटे आधीच आहेत, त्यावर परत एवढं फूल, हे तांग काळच्या पद्धतीशी जुळत नाही. कपड्यांचा आणि फुलांचा मेळ बसत नाही. चित्राचं वय केसांवरून ठरवायचं ही त्यांची पद्धत, आणि हा धागा काढण्यामागे ती डोक्यात होतीच.

मधली_आळी

विषय छान, पण माझा एक विरोध नोंदवते. मुकुट वाचा, पद वाचा, मोती मोजा... यात ती बाई कुठे राहिली? आपण दरबाराच्याच नजरेने तिला बघतोय. तिचा चेहरा सारखा दिसतो म्हणून सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

रेशीमकाडी

@मधली_आळी, प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिंग-छिंग काळातली घरोघरची पूर्वजांची चित्रं घ्या. बरीचशी माणूस गेल्यानंतर काढलेली असत. चित्रकार नाक, डोळे, हनुवटी यांच्या नमुन्यांची वही दाखवायचा आणि घरचे सांगायचे, आजीचं नाक असं होतं. कपडे तर कधीकधी खऱ्या पदापेक्षा वरचे रंगवून घेत. म्हणजे चेहराही नेहमी ‘तिचा’ असतोच असं नाही.

आणि मुकुटातून बाई कशी भेटते ते दिंगलिंगच्याच दुसऱ्या राणीकडे बघून कळतं. श्याओजिंग. ती वानली सम्राटाच्या आईच्या महालात दासी होती. सम्राटापासून तिला मुलगा झाला, तो थोरला म्हणून पुढे गादीवर आला, पण सम्राटाने तिला जवळ केलं नाही. १६११ मध्ये ती वारली. जिवंतपणी ती सम्राज्ञी कधीच नव्हती. १६२० मध्ये सम्राट, मोठी राणी आणि श्याओजिंगचा मुलगा, तिघेही एकाच वर्षात गेले आणि नातू गादीवर आला. त्याने आजीला मरणोत्तर सम्राज्ञीचा मान दिला आणि तिला दिंगलिंगमध्ये आणून सम्राटाशेजारी पुरलं. बारा ड्रॅगन आणि नऊ फिनिक्सांचा मुकुट तिचा आहे. मोठ्या राणीपेक्षा तीन ड्रॅगन जास्त, आणि तो तिने कधी डोक्यावर ठेवला नाही. हे सगळं मला कुठल्याही चेहऱ्यावरून कळलं नसतं.

पुढचं सांगायला जीव होत नाही, पण सांगायला हवं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सम्राट आणि दोन्ही राण्या, या तिघांच्या अस्थी कबरीबाहेर काढून जाळल्या. कबरीतलं बरंचसं रेशीम हवा लागून आधीच कडक, काळपट झालं होतं. मुकुट राहिले.

मधली_आळी

श्याओजिंगबद्दल माहीत नव्हतं. आता तो मुकुट वेगळा दिसेल. तरी माझं म्हणणं थोडं उरतंच, दासींच्या टोपीतली फुलं मला सम्राज्ञीच्या मोत्यांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

रेशीमकाडी

त्यात आपलं एकमत आहे :)

गडकरी_वाडा

छिंग काळाबद्दल लिहा ना ताई. मालिकांमध्ये दिसतात ते डोक्यावरचे आडवे, पंख्यासारखे प्रकार आणि उंच मधल्या टाचेच्या चपला, ते सगळं खरं का?

रेशीमकाडी

@गडकरी_वाडा, खरं आहे, पण बहुतेक मालिका दोनशे वर्षांचं एकत्र करून टाकतात. डोक्यावर मोठ्या आडव्या पाटीसारखा दिसतो तो ‘दालाछ्र’ हा छिंगच्या अगदी शेवटचा, त्सशी राजमातेच्या काळातला प्रकार. १९०३ च्या सुमारास काढलेल्या तिच्या फोटोंत दिसतो. च्येनलोंग सम्राटाच्या राण्यांच्या डोक्यावर तो असायचं कारण नाही. मधे टाचेच्या चपला मांचू स्त्रियांच्या, कारण त्या बहुसंख्य हान समाजातल्या स्त्रियांसारखे पाय लहान राहावेत म्हणून बांधत नसत.

विधीची टोपी पूर्ण निराळी. हिवाळ्यात सेबलच्या फरची, वर लाल रेशमी झुपका, माथ्यावर तीन मजली तुरा, प्रत्येक मजल्यावर सोन्याचा फिनिक्स आणि मोती. मागच्या बाजूला मोत्यांच्या सरी सोडलेल्या. सम्राज्ञीला पाच सरी, तिच्या खालच्या राण्यांना तीन. १७५९ मध्ये तयार झालेल्या सचित्र नियमावलीत हे सगळं रंगीत चित्रांसह आखून दिलं आहे. गंमत अशी की राजचित्रं समोरून काढत, त्यामुळे पद सांगणाऱ्या त्या सरी चित्रात पाठीमागे लपतात. मग कान बघायचे: एका कानात तीन भोकं, तीन कर्णभूषणं, ही मांचू खूण. गळ्यात तीन माळा, एक सरळ मोत्यांची आणि दोन तिरक्या पोवळ्यांच्या, की ती सम्राज्ञी. आणि झगा उजळ पिवळा.

च्येनलोंग, त्याची सम्राज्ञी आणि अकरा राण्या यांची छोटी अर्धचित्रं एकाच लांब गुंडाळीवर आहेत, ती आता अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात. १७३६ मध्ये सुरुवात झालेल्या या कामात जुझेप्पे कास्तिल्योने या इटालियन जेझुइट चित्रकाराचा हात आहे. छायाप्रकाशात मुरलेल्या या माणसाने इथे चेहऱ्यांवर सावली पडू दिली नाही, कारण दरबाराला ती नको होती.

याच्या बरोबर उलटं, त्याच्या आदल्या सम्राटाची, योंगझेंगची ‘बारा सुंदरी’ चित्रं. जवळजवळ माणसाच्या उंचीची, युआनमिंगयुआन बागेतल्या एका वाचनगृहातल्या पडद्यावर लावलेली. १७३२ मध्ये ती पडद्यावरून काढल्याची दरबारी नोंद आहे. यातल्या सगळ्या स्त्रिया हान पद्धतीच्या वेशात. त्याच राजवटीत मांचू स्त्रियांना हान कपडे घालायला मनाई होती! एकीच्या हातात युरोपीय घड्याळ आहे. म्हणजे वेश बघून ‘राजवाड्यात बायका असं वावरत’ असं म्हणायची सोय नाही. तो सम्राटाच्या मनातला वेश.

शाईपेन

भारताशी जोडलेला एक धागा माझ्याकडून. ब्रिटिश म्युझियममधली गू काईजी या जुन्या चिनी चित्रकाराच्या नावाची गुंडाळी, राजस्त्रियांना उपदेश करणारी. तिथे एक प्रसंग आहे: एक बाई गोल आरशासमोर बसली आहे, मागे उभी दासी तिचे केस विंचरते आहे, समोर लाखेच्या डब्या. शेजारी मजकूर आहे की माणसं चेहरा सजवायला शिकतात, स्वभाव सजवायला नाही. ही गुंडाळी १९०० च्या बॉक्सर बंडाच्या वेळी चीनमध्ये गेलेल्या फर्स्ट बेंगॉल लॅन्सर्स या हिंदुस्थानी पलटणीतल्या जॉन्सन नावाच्या इंग्रज कॅप्टनच्या हाती आली. त्याने १९०३ मध्ये ती संग्रहालयाला २५ पौंडांना विकली.

बकुळ_७

२५ पौंड! आज तिच्यासमोर चिनी पर्यटक किती तरी वेळ नुसते उभे राहतात म्हणे. राग येतो वाचून.

कुलाबा_दांडी

मुंबईतलं सांगतो. संग्रहालयात (छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) टाटांनी दिलेल्या चिनी वस्तूंचं दालन आहे, चिनी माती, जेड, तपकिरीच्या कुप्या. पण याहून थेट दुवा पारशी घरांत आहे. चीनमधल्या कँटन बंदराच्या व्यापारातून आलेल्या गारा साड्या, म्हणजे चिनी भरतकामाच्या साड्या. त्यात ‘चीना-चीनी’ नावाची नक्षी असते, पूल, पागोडे, झाडं आणि छोटी छोटी माणसं. त्या बायकांचे कपडे भरतकाम करणाऱ्याने आपल्या आजूबाजूचेच काढले असणार. आमच्या शेजारच्या मावशींकडे जांभळ्या रंगाचा एक गारा आहे. बोटाच्या पेराएवढी बाई, पण तिच्या अंबाड्यातला काटासुद्धा वेगळ्या दोऱ्याने भरलाय.

रेशीमकाडी

@कुलाबा_दांडी, हे फार मोलाचं आहे. मावशींची परवानगी असेल तर पदरावरच्या बायकांचे अगदी जवळून फोटो काढून इथे टाका. एकेक बाई वेगळी, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात. मला तीन गोष्टी बघायच्या आहेत: केस कसे बांधलेत, अंगरखा उजव्या बाजूला बंद होतो का, आणि खाली घागरा आहे की नुसताच लांब झगा. अंगरखा आणि घागरा असेल तर ती हान बाई, अखंड झगा असेल तर मांचू. कँटनच्या कारागिराने बहुधा हानच काढली असेल, पण बघितल्याशिवाय नको. साडी घडीवर फाटते, तेव्हा मावशींना सांगा की फोटोनंतर जुन्या घडीवर परत दुमडू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा.